चष्मा, जाळी आणि पक : त्रेचाळिसाव्या वर्षी आइस हॉकीसाठी चेहऱ्याचं संरक्षण निवडताना

आइस हॉकी शिकायची असं ठरवल्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त काळजी चेहऱ्यासमोर काय लावायचं यात गेली. स्केट्स लेहला भाड्याने मिळतात, काठी कुणीही उसनी देतं. पण तोंडावरचं कवच आपल्याच मापाचं लागतं, आणि नवी मुंबईत ते दाखवणारं, घालून बघू देणारं एकही दुकान मला सापडलं नाही. मराठीत तर या विषयावर काहीच वाचायला मिळालं नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. माझ्यासारखा जाड चष्मा असलेल्या आणि चाळिशीनंतर बर्फावर उतरायचं मनात असलेल्या कुणाला तरी याचा उपयोग होईल.

फेब्रुवारी २०२४मध्ये आम्ही लेहला होतो. त्याच आठवड्यात, २ ते ६ फेब्रुवारी, तिथे खेलो इंडिया विंटर गेम्स चालू होते. एन.डी.एस. स्टेडियममध्ये मुलींचा सामना बघितला आणि हे आपल्याला करून बघायचंच आहे, हे तिथेच पक्कं झालं. परत आल्यावर नेरुळला एका रिंकवर इनलाइन स्केटिंग, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांवरचं स्केटिंग, सुरू केलं. पावसाळाभर फक्त थांबणं, वळणं आणि नीट पडणं शिकले. ऑगस्टमध्ये लेहच्या एका क्लबच्या सरांना फोन केला. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी मोठ्या नवशिक्यांना बर्फावर घेतात, असं ते म्हणाले. अट एकच होती. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क हवा, आणि तो स्वतःचा. “हमारे पास जो है, वो बच्चों के साइज़ का है, मैडम.”

ठाण्याला आईकडे गेले तेव्हा हे सांगितलं. आई गप्प झाली. तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या मामाचा, डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला होता. ती एवढंच म्हणाली, “तुला आधीच नंबर किती आहे ते माहितीये ना?” माझा नंबर उणे सात आहे. तेव्हा खरेदी राहू दे, आधी डोळे दाखवून घेऊ, असं ठरवलं. हा क्रम योग्यच होता असं मला आजही वाटतं.

गणपतीचं विसर्जन झाल्यावर, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्यातल्या रेटिनाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. फी बाराशे रुपये. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, त्यानंतर चार-पाच तास जवळचं अंधूक दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे सोबत कुणाला तरी न्या आणि काळा चष्मा ठेवा. मोठा उणे नंबर असला की डोळ्याचा गोळा लांबट असतो, आतला पडदा ताणलेला असतो, आणि कडेला तो पातळ झालेला असू शकतो. अशा डोळ्यावर आघात झाला तर पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. माझ्या उजव्या डोळ्यात कडेला एक पातळ पट्टा निघाला, पण छिद्र नव्हतं. लेझरची गरज नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा, असं डॉक्टर म्हणाल्या. खेळायला मनाई केली नाही. मात्र तीन लक्षणं कागदावर लिहून दिली. डोळ्यात विजेसारखे झोत दिसणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस, आणि नजरेच्या एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो कागद मी लेहला नेलेल्या पाकिटात ठेवला होता.

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. कॉन्टॅक्ट लेन्सने दिसतं चांगलं, पण तिने डोळ्याचं रक्षण काहीच होत नाही. आणि काचेचा चष्मा खेळताना अजिबात नको, भिंग पॉलिकार्बोनेटचंच हवं, कारण ते सहसा फुटून तुकडे होत नाही. लेहची हवा इतकी कोरडी असते की लेन्सचा विचार मी सोडूनच दिला. वाशीला पॉलिकार्बोनेटची भिंगं, लहान गोल फ्रेम आणि मागे बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा असा जोड करून घेतला. एकूण चार हजार आठशे. रुंद फ्रेम मुद्दामच टाळली. ते पुढे फार उपयोगी पडलं.

आता मुख्य प्रश्न. चेहऱ्यासमोर लावायच्या गोष्टी ढोबळमानाने चार. पहिली जाळी, हिला सगळे केजच म्हणतात : पोलादी तारांची, कपाळापासून हनुवटीखालपर्यंत. दुसरा पूर्ण पारदर्शक व्हायजर, म्हणजे फिशबोल : पॉलिकार्बोनेटचा, हनुवटीपर्यंत बंद. तिसरा हाफ व्हायजर : डोळे आणि नाकाचा वरचा भाग झाकतो, दात आणि जबडा उघडा राहतो. चौथा या दोन्हींचा मिलाफ, वर पारदर्शक आणि खाली जाळी किंवा कठीण प्लॅस्टिकच्या पट्ट्या.

टीव्हीवर मोठे खेळाडू हाफ व्हायजरमध्ये दिसतात, त्यामुळे मोठ्या माणसाने तोच घ्यायचा असं वाटू शकतं. त्यामागची हकिकत वाचल्यावर मला तसं वाटेनासं झालं. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, व्हायजर सक्तीचा झाला तोच मुळी २०१३मध्ये, आणि तोही फक्त नव्याने येणाऱ्यांना. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या नियमांत ३१ डिसेंबर १९७४नंतर जन्मलेल्या पुरुषांना किमान व्हायजर लावावा लागतो, तर स्त्रियांना आणि अठराखालच्या मुलांना पूर्ण चेहरा झाकावा लागतो. म्हणजे हाफ व्हायजर हा आयुष्यभर बर्फावर वाढलेल्या व्यावसायिकांनी स्वतःपुरता स्वीकारलेला धोका आहे. त्यांच्या काठ्या ताब्यात असतात. नवशिक्यांच्या नसतात. आमच्यासारख्या गटात तोल गेला की हात वर जातात आणि हाताबरोबर काठीही वर जाते, तीही नेमकी दुसऱ्याच्या तोंडाच्या उंचीला. कॅनडात टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ टॉम पॅशबी यांनी सत्तरच्या दशकात हॉकीतल्या डोळ्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली, आणि त्यांच्या पाठपुराव्यातून तिथे चेहऱ्याच्या कवचासाठी मानक तयार झालं. डोळे गेले तेव्हा कारण बऱ्याचदा काठीच होती. पकची, म्हणजे आइस हॉकीत चेंडूऐवजी असते त्या कडक रबरी चकतीची, भीती मला आधी जास्त वाटायची, वाचल्यावर काठीची वाटायला लागली.

आपल्याकडे हे लोकांना समजावताना मी सबा करीमचं उदाहरण देते. मे २०००मध्ये ढाक्याला आशिया चषकात यष्टिरक्षण करताना कुंबळेचा चेंडू त्यांच्या उजव्या डोळ्याला लागला आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ तिथेच थांबली. त्याच वर्षी मार्चमध्ये एनएचएलमध्ये ब्रायन बेरार्डच्या उजव्या डोळ्याला काठी लागली होती. त्याने व्हायजर लावलेला नव्हता. दोघेही तरबेज खेळाडू, प्रतिक्षिप्त क्रिया विजेसारख्या. कसब डोळा वाचवू शकत नाही, हे मनाशी धरूनच मी बाजारात उतरले.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरून धोबी तलावला गेले. मेट्रोजवळच्या त्या रांगेत खेळाचं काय मिळत नाही! आइस हॉकीचं मात्र काहीच नव्हतं. रोलर स्केटिंगची हेल्मेटं होती, पण त्यांना चेहऱ्याचं काहीच जोडता येत नव्हतं. मैदानी हॉकीत पेनल्टी कॉर्नरला लावतात तो पारदर्शक मुखवटा होता. तो थोडाच वेळ लावायचा असतो, आणि डोक्याला त्याचा उपयोग नाही. क्रिकेटचं हेल्मेट सगळ्यात जवळचं वाटलं, आणि दुकानदारानेही मनापासून तेच सुचवलं. “ताई, लेदर बॉल झेलतं हे, तुमचा रबरचा पक काय करणार?”

त्याचा मुद्दा वजनाच्या बाबतीत चुकीचा नव्हता. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, पक १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळपास सारखेच. पण क्रिकेटच्या हेल्मेटची रचना समोरून येणाऱ्या चेंडूसाठी केलेली असते. वरची कड आणि जाळी यांच्यात नजरेसाठी जी फट असते, तिच्यातून चेंडू आत जाऊ नये एवढं तिथे बघतात. काठीचं पातं किंवा स्केटची धार चेंडूपेक्षा कितीतरी पातळ असते. आइस हॉकीच्या जाळीची चाचणी घेताना पात्यासारखी वस्तू आत शिरते का तेही तपासतात. शिवाय बर्फावर माणूस मागे आपटतो, पुन्हा पुन्हा आपटतो. तो मार सहन करायला हॉकीच्या हेल्मेटमध्ये मागच्या बाजूलाही जाड फोम असतो. रोलर हॉकीतले काही जण क्रिकेटचं हेल्मेट चालवून घेतात हे मी पाहिलं आहे. बर्फासाठी ते करू नका, एवढं मी ठामपणे सांगेन. दुकानदाराकडून मी शिवणकामाची मऊ टेप तेवढी घेतली, माप घ्यायला.

म्हणजे मागवायचं परदेशातूनच. इथे मुख्य निर्णय घेतला तो असा : हेल्मेट आणि जाळी एकाच कंपनीचा तयार जोड घ्यायचा, सुटं-सुटं नाही. जाळी हेल्मेटला कपाळावर दोन स्क्रूंनी लटकते, आणि बाजूला प्लॅस्टिकच्या छोट्या आकड्यांवर टेकते. एका कंपनीची जाळी दुसऱ्या कंपनीच्या हेल्मेटला बऱ्याचदा बसते, पण छिद्रं जुळली म्हणजे अंतर आणि कोन जुळलाच असं होत नाही. आणि घालून बघायची सोय नसलेल्या आपल्यासारख्याने ही जुळवाजुळव करत बसू नये. घेताना हेल्मेटवर आणि जाळीवर, दोन्हींवर वेगवेगळी प्रमाणपत्राची चिकटपट्टी आहे ना ते बघा. अमेरिकेचं एचईसीसी, कॅनडाचं सीएसए, युरोपचं सीई, यांपैकी काहीतरी हवं. एचईसीसीची पट्टी असलेल्या हेल्मेटला मुदत असते, बनल्यापासून साडेसहा वर्षं. म्हणून जुनं स्वस्तात मिळालं तर आधी तारीख वाचा. फिशबोल सुंदर दिसतो आणि समोर काहीच आड येत नाही, पण आत चष्मा असला की श्वासाची वाफ आधी चष्म्यावर आणि मग व्हायजरवर बसते. उणे तापमानात तर ती गोठतेही. त्यामुळे माझ्यासाठी जाळीच योग्य होती. लेन्स किंवा बिनचष्म्याचे लोक फिशबोलचा विचार जरूर करू शकतात. किंमत मात्र जाळीच्या दुपटीच्या घरात जाते आणि ओरखडे पडले की बदलावाच लागतो.

माप घेताना टेप भुवयांच्या बोटभर वर, डोक्याच्या सगळ्यात रुंद भागावरून फिरवायची. केस बांधलेले असतील तसेच ठेवून. उंच अंबाडा हेल्मेटखाली मावत नाही; मानेजवळ सैल वेणी हाच उपाय. कानातलं, केसातल्या पिना, सगळं काढून.

५ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या एका दुकानातून जोड मागवला. वस्तू ९५ डॉलर, पाठवणी ४५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेबारा हजार रुपये. पार्सल १६ तारखेला मुंबईत उतरलं आणि तिथे थांबलं. कुरिअरने आधी केवायसी मागितलं : आधार, दुकानाचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा. ऑर्डरवरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, हे लक्षात ठेवा. मी सवयीने वडिलांचं नाव मध्ये लिहिते, ते यावेळी तसंच आधारप्रमाणे घातलं होतं म्हणून निभावलं.

दोन दिवसांनी दुसरी ई-मेल. वस्तू ‘हेल्मेट’ आहे, आयएसआय चिन्ह दिसत नाही, खुलासा करावा. छातीत धस्स झालं. मग कळलं की यात काही आडमुठेपणा नव्हता. १ जून २०२१पासून आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे कागदावर नुसतं ‘हेल्मेट’ दिसलं की प्रश्न येणं साहजिक आहे. मी एका पानाचं पत्र लिहिलं. ही वस्तू दुचाकीसाठी नाही, बर्फावरच्या हॉकीसाठी आहे. एकच नग आहे. स्वतःच्या वापरासाठी आहे, विकायला नाही. सोबत दुकानाच्या पानाची प्रत, जाळीसकट फोटो, आणि लेहच्या क्लबच्या सरांनी पाठवलेलं दोन ओळींचं पत्र जोडलं. खाली सही, तारीख, पार्सलचा क्रमांक. शनिवार-रविवार मध्ये आल्याने उत्तर यायला आठवडा गेला. तो आठवडा वाईट होता, कारण हे परत गेलं असतं तर जानेवारीपर्यंत दुसरं मागवायला वेळच नव्हता. २५ ऑक्टोबरला सुटल्याचा निरोप आला. दुकानदाराला आधीच सांगून वस्तूच्या वर्णनात ‘आइस हॉकी हेल्मेट, जाळीसह’ असं स्पष्ट लिहून घेतलं, तर हा फेरा कदाचित वाचेल.

कराचं सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. कर फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही, पाठवणी आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. मला सीमाशुल्क आणि आयजीएसटी मिळून त्या रकमेच्या पाऊणपटीच्या आसपास बसला, वर कुरिअरची स्वतःची फी. हा जोड मला एकूण बावीस हजारांच्या घरात पडला. हे दर बदलत असतात, तुम्ही मागवाल तेव्हाचे बघून घ्या. ‘भेट’ म्हणून पाठवायला सांगून काही वाचत नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटींची ती सवलत २०१९मध्ये गेली, राखी वगैरे सोडून.

दिवाळीच्या आधीच खोकं घरी आलं. पहिल्यांदा घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा खूप आनंद झाला. मग एकेक तपासायला बसले. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या बोटभर वर बसली. डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं, एकटं फिरलं नाही. हनुवटी तिच्यासाठीच्या वाटीत, तोंड मिटलेलं असताना टेकली. इथपर्यंत सगळं बरोबर. पण चष्मा घातला तेव्हा फ्रेमची उजवी कड तारेला टेकत होती. मधलं माप माझ्या चेहऱ्याला बरोबर होतं, चष्म्यासकट चेहऱ्याला नव्हतं. मापाच्या तक्त्यात चष्म्याचा हिशेब कुठेच नसतो. टेकलेली फ्रेम म्हणजे जाळीवर बसलेला फटका थेट नाकाच्या हाडावर आणि भुवईवर. डॉक्टरांना फोटो पाठवून विचारलं. त्यांनी एका शब्दात सांगितलं, “बदला.”

यावेळी कुरिअरचा रस्ता घेतला नाही. माझा मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. डिसेंबरमध्ये कल्याणच्या लग्नाला येणारच होता. “दादा, एक जाळी आणशील का?” म्हटल्यावर आधी तो गोंधळला, मग स्वतः दुकानात जाऊन माझ्या चष्म्याच्या मापाची पुठ्ठ्याची फ्रेम आत धरून बघून मोठ्या मापाची जाळी घेऊन आला. ही पुठ्ठ्याची युक्ती त्याचीच, आणि ती उत्तम आहे. चष्म्याची बाह्य रुंदी आणि नाकापासून भिंगापर्यंतचं अंतर पुठ्ठ्यावर कापून फोटो पाठवायचा. त्याच कंपनीची सुटी जाळी ५० कॅनेडियन डॉलर, साधारण तीन हजार रुपये. येणाऱ्याच्या सामानातून आली की तेव्हाच्या नियमाप्रमाणे पन्नास हजारांच्या सवलतीत बसते, त्यामुळे तिच्यावर कर लागला नाही. मोठी जाळी घेताना एक भीती असते : हनुवटीची वाटी खाली लोंबेल. वाटी जागा बदलता येणारी होती, एक छिद्र वर घेतली आणि नीट बसली. हनुवटी आणि वाटी यांच्यात बोट सरकत असेल तर ती जाळी मोठी झाली असं समजा.

दादाबरोबरच मानेचा पट्टाही मागवला. चेहऱ्याच्या जाळीखाली गळा उघडा राहतो. ऑक्टोबर २०२३मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला सामन्यात अॅडम जॉन्सन या खेळाडूच्या गळ्याला स्केटची धार लागून तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांत मानेचं कवच सक्तीचं केलं. जाळीवर एवढा विचार करून मान तशीच ठेवायला मन धजेना. दातांसाठी वाशीच्या दंतवैद्याकडून साचा घेऊन माउथगार्ड करून घेतलं, अडीच हजार. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार माउथगार्ड चारशेतही मिळतं. जाळी आहे म्हणून माउथगार्ड नको असं नाही, कारण हनुवटीवर आघात झाला की दातांवर दात आपटतात. आणि हेही लिहून ठेवते : जाळी डोळे आणि दात वाचवते, मेंदूला बसणारा धक्का ती थांबवत नाही. पडल्यावर डोकं जड वाटलं, मळमळलं, तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपवायचा.

डिसेंबरभर मी नेरुळच्या रिंकवर जाळी लावूनच स्केटिंग केलं. हे प्रत्येकाने करावं. सुरुवातीला तारा सारख्या दिसत राहतात, पायाजवळचं बघायला मान जास्त वाकवावी लागते. काही सत्रांनंतर पावसात बसच्या खिडकीच्या गजांकडे लक्ष जात नाही तसं होतं. नजर पलीकडे स्थिरावते. ही सवय उंचीवर, थंडीत, बर्फावर पहिल्यांदा लावायला लागली असती तर माझा अर्धा वेळ त्यातच गेला असता.

याच महिन्यात आईने ते सगळं हातात घेऊन पाहिलं. तिने तारांमधून बोट घालायचा प्रयत्न केला, दोन्ही अंगठ्यांनी जाळी दाबून बघितली, आणि “चष्मा आत राहतो का?” एवढंच विचारलं. घालून दाखवलं. जाताना तिने डब्यात डिंकाचे लाडू दिले. तिची परवानगी मिळाली असं मी समजले.

जानेवारी २०२५. दिल्लीमार्गे लेह. हेल्मेट मी हातातल्या पिशवीत नेलं, म्हणजे जाळी वाकायची भीती नाही. सुरक्षा तपासणीत उघडून दाखवावं लागलं, हरकत कुणी घेतली नाही. हॉकीची काठी केबिनमध्ये चालत नाही, ती चेक-इनमध्येच. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस फक्त आराम, पाणी आणि हळू चालणं. यात घाई करू नका.

बर्फावर उतरल्यावर जे कळलं ते आधी कुठे वाचलं नव्हतं. हेल्मेटखाली जाड कानटोपी घालून सगळं माप बिघडतं. जाळी वर उचलली जाते आणि हनुवटी वाटीतून सुटते. पातळ, अंगाला चिकटणारी टोपीच चालते, आणि माप घरी तपासताना तीच घालून तपासा. सकाळी तारांवर श्वासाचं दव गोठून पांढरी कड येते, हातमोज्याने पुसली की जाते. हनुवटीची वाटी रात्री खोलीत, उबेत ठेवायची, नाहीतर ती दगडासारखी थंड लागते. चष्म्यावर वाफ फक्त थांबल्यावर यायची, चालत्या स्केटवर नाही. रांगेत उभं असताना मान किंचित मागे घेऊन तोंडाने खाली श्वास सोडला की फरक पडायचा.

आणि काठी लागलीच. माझ्यासारख्याच एका नवशिक्या दादांचा तोल गेला, त्यांची काठी वर आली आणि पातं जाळीवर, उजव्या डोळ्यासमोर आपटलं. टण् असा मोठा आवाज झाला, डोकं मागे गेलं, बाकी काही नाही. चष्मा जागेवर, डोळा जागेवर. ते फार घाबरले होते, मीच त्यांना समजावलं. सरांनी येऊन आधी माझे डोळे बघितले आणि मग जाळी काढून प्रत्येक सांध्याचं वेल्डिंग बोटाने तपासलं. तार वाकली असती किंवा सांधा उखडला असता तर ती जाळी पुन्हा वापरायची नाही, सरळ करून तर नाहीच. माझी शाबूत होती. सैल झालेला एक स्क्रू मात्र घट्ट करावा लागला. छोटा पेचकस आणि दोन जास्तीचे स्क्रू बरोबर ठेवा, तिथे त्या मापाचे शोधत फिरावं लागतं.

नवी मुंबईच्या दमट हवेत परतल्यावर काळजी वेगळीच. घाम आणि खारट हवा यांनी तारांवरचा लेप निघाला की गंज धरतो. प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, पंख्याखाली ठेवते. उन्हात नाही, बॅगेत बंद तर मुळीच नाही. कडक द्रावण, रंग, स्टिकर काही लावत नाही, त्याने प्लॅस्टिक कमकुवत होऊ शकतं. महिन्यातून एकदा स्क्रू, आकडे आणि पट्ट्यांची बटणं बघते. मार्चमध्ये रेटिनाची तपासणी झाली, पट्टा होता तसाच आहे. पुढची सप्टेंबरमध्ये.

हिशेब एकत्र देते : हेल्मेट आणि जाळी कर धरून बावीस हजार, मोठी जाळी तीन हजार, मानेचा पट्टा अठराशे, चष्मा चार हजार आठशे, माउथगार्ड अडीच हजार, डोळ्यांची तपासणी बाराशे. सुरुवातीलाच कुणी ओळखीचं येणार असेल आणि जोड सामानातून आला, तर यातले जवळपास दहा-बारा हजार वाचतात. त्यामुळे जानेवारीत जायचं असेल तर जुलै-ऑगस्टपासूनच कोण कधी येणार आहे त्याची चौकशी सुरू करा.

मधल्या मापाची जाळी माझ्याकडे न वापरलेली पडून आहे, आणि मोठीही आहे. नेरुळ, सीवूड्स, ठाणे, जवळपास कुणी आइस हॉकीच्या विचारात असेल, तर शनिवारी सकाळी रिंकवर दोन्ही घेऊन येते. चष्मा असेल तर तो घालून या, आणि आत घालायची पातळ टोपीही आणा.